ताईंचा तुकडा घेऊन मुलुंड ते सांताक्रूझ

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या कामतांनी स्वित्झर्लंड लिहिलं होतं. त्यात बर्फाला दोन ओळी आणि टूरवाल्याने खाऊ घातलेल्या वरणभाताला दीड पान. त्याआधी बाली झालं, व्हिएतनाम झालं. यंदा सेक्रेटरी सावंत जिन्यात भेटले. म्हणाले, "वैशाली मॅडम, वर्षभर तुम्ही फार फिरलात म्हणे. कुठे कुठे जाऊन आलात?"

"घाटकोपर, मुलुंड, सांताक्रूझ, बोरिवली," मी म्हटलं.

ते हसले. मी हसत नाही हे बघून त्यांनी हसू गिळलं आणि म्हणाले, "लिहा की मग. पण जरा हलकंफुलकं ठेवा हां, सणाचे दिवस आहेत."

तर हे हलकंफुलकं. विषय गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. ज्यांना सणाच्या दिवसांत हा शब्द नको असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. पुढे उकडीच्या मोदकांची कृती आहे.

घाटकोपर

नंदाताई माझी मोठी नणंद. राहायला घाटकोपरला, जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. यजमान जाऊन काही वर्षं झाली. मुलगा नीलेश बंगळूरला. पुऱ्या खानदानात कुणाचंही लग्न असो, रश्शाची पहिली वाटी ताईंकडे जाते आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगत बसत नाही. त्यांना गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मागच्या वर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी मी गेले आणि त्या सोफ्यावर टॉवेल टाकून बसल्या होत्या, माझ्या ड्रेसच्या रंगाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाच मी पर्स खाली ठेवून शेजारी बसले.

"काय होतंय ताई?"

"काय नाय गो. उष्णता."

"कसली उष्णता? रक्त जातंय का?"

"थोडा थोडा."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"ताई, तुमची पाळी बंद होऊन किती वर्षं झाली!"

"मग परत इली असतली," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्यांना जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये नेलं. सोबत माझा नवरा महेश होता. डॉक्टरांनी तपासलं, एक तुकडा काढून घेतला आणि मग सगळी माहिती बाहेर कॉरिडॉरमध्ये महेशला दिली. म्हणजे गर्भाशय असलेल्या आम्ही दोघी आत खुर्चीवर, आणि गर्भाशयाची बातमी बाहेर, ज्याला ते नाही त्याच्याकडे. महेश परत आला तो भिंतीच्या रंगाचा होऊन.

"ग्रोथ आहे म्हणतात."

"चांगला आहे मग," ताई म्हणाल्या. "आमच्या पतपेढीत तर काहीच ग्रोथ नाय."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. त्या विनोदावर नंतर कुणी हसलं नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे ताईंची आई, चारकोपला आमच्याकडेच असतात. त्यांनी त्याच संध्याकाळी घरात कायदा केला. "कोणाक काय सांगू नकात. पोटाचो आसा म्हणान सांगा." पोट हा सभ्य अवयव. त्याला काहीही झालं तरी घराण्याला धक्का लागत नाही. मग आम्ही सगळे पोटाचा, पोटाचा म्हणू लागलो आणि शहाळी घेऊन पाहुणे येऊ लागले. एका मावशींनी गव्हांकुराचा रस सुचवला. एका काकांनी पपईच्या पानांचा काढा सांगितला आणि तो कसा करायचा ते मात्र बायकोला विचारा म्हणाले. शेजारच्या विंगमधल्या एक बाई तर रिकाम्या हाताने आल्या आणि फक्त एक वाक्य ठेवून गेल्या, "एवढी सोवळ्यातली बाई, तिला असला आजार कसा गं झाला?" पोटाची थाप त्यांनी लिफ्टमध्येच ओळखली असावी. 'असला' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो मी अजून विसरलेले नाही.

नीलेश बंगळूरहून फोन कमी करायचा आणि लिंका जास्त पाठवायचा. हा कॅन्सर पसरतो कसा, त्यामागचे रेणू कुठले, यावरचे इंग्रजी लेख. मी एक लेख मेट्रोत उघडला. पहिल्याच चित्रात बाणच बाण. एका टोकाला विषाणू, दुसऱ्या टोकाला मरण, आणि मधे सगळी अक्षरं नि आकडे, गाड्यांच्या नंबरप्लेटी लावल्यासारखे. डहाणूकरवाडीपासून डीएन नगर येईपर्यंत मी तेच पान वाचत होते. माझी नणंद त्यात कुठे बसते ते काही कळलं नाही.

मुलुंड

बोरिवलीच्या एका सर्जनचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि बाजूला ठेवला. "मला दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत लागेल. ब्लॉक आणि स्लाइड घेऊन सांताक्रूझला जा."

जे अजून या देशी गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्या वडीला ब्लॉक म्हणतात. मग त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या कापून काचेवर ठेवतात, त्या स्लाइड. नर्सिंग होमने तुकडा तपासायला मुलुंडच्या लॅबमध्ये पाठवला होता. तो तिथून उचलायचा आणि सांताक्रूझला पोचवायचा, हे काम नातेवाइकांचं. या शहरात पिझ्झा अर्ध्या तासात घरपोच येतो, माणसाचा तुकडा मात्र ज्याचा त्याने पाठीवर मारून न्यायचा.

"मी एकटी जाऊन येते," मी ताईंना म्हटलं.

"तुकडो माझो, आणि फिरायला तू?" त्यांनी कडक इस्त्रीची साडी नेसली, अबोलीचा गजरा माळला आणि निघाल्या.

मुलुंड आम्हा चारकोपवाल्यांना परदेशच. रिक्षावाले मीटरने येतात आणि वर सुट्टे परत देतात. रस्त्यांना झाडं आहेत आणि झाडांखाली बाकं, आणि बाकांवर बसलेले लोक कुणाच्या तरी फ्लॅटचा भाव सांगत असतात. लॅब काचेची. आत एसी, फिश टँक आणि काउंटरवर एक मुलगी.

"पेशंट कुठेयत?" तिने विचारलं.

"ह्या काय," मी ताईंकडे बोट दाखवलं.

"नाही, ब्लॉक पेशंटला देत नाही आम्ही. नातेवाईक लागतो."

"म्हणजे माझं मांस मलाच मिळणार नाही?" ताई काउंटरवर वाकल्या.

"पॉलिसी आहे मॅम."

"हिला मिळेल? ही माझ्या भावाची बायको. रक्ताची पण नाही."

"हो, त्यांना चालेल."

मी सही केली. मुलीने एक झिपची पिशवी दिली. आत बबल रॅपमध्ये काचा आणि जाळीच्या छोट्या डबीत मेणाची वडी, खडूच्या तुकड्याएवढी. वडीत मधोमध एक तपकिरी ठिपका.

ताईंनी ती उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढासाच?"

"हो."

"ह्याच्यासाठी माझी आई रडते?"

"उन्हात ठेवू नका, मेण आहे," मुलगी मागून म्हणाली. बाहेर मे महिना होता.

जेवायला एका उडप्याकडे शिरलो. ताईंना मेणाची काळजी लागून राहिली. पंखा होता, पण त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी वेटरला हाक मारली, "भैया, ये जरा फ्रिज में रखो. दवाई है." त्याने नेली. मग आम्ही डोसा खाल्ला. चटणीत नारळ कमी आहे यावर ताईंनी मालकाला बोलावून सुनावलं. कॉफी प्यायलो, रिक्षा केली, आणि रिक्षा भांडुपला सिग्नलला थांबली तेव्हा ताईंनी माझा दंड धरला.

"वैशाली. तुकडो."

ताईंचा कॅन्सर उडप्याच्या फ्रिजमध्ये राहिला होता. रिक्षा फिरवली.  हॉटेलात पोचलो तर मालक स्वतः दारात. पिशवी हातात, आणि त्याने ती आणखी एका पार्सलच्या पिशवीत घातलेली. "आंटी, साथ में चटणी दिया है. नारियल ज़्यादा डालके."

घाटकोपरला मेट्रो स्टेशनवर पर्स मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. तपासणीची मुलगी स्क्रीनकडे वाकली.

"ये क्या है मॅडम? डिब्बी में?"

मी काही समजावणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मैं हूँ."

"क्या?"

"मैं. मेरा टुकड़ा है. कॅन्सर का."

मागे रांग खोळंबली होती. मुलीने आधी ताईंच्या गजऱ्याकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि पर्स दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात दिली. पोटाचा नाही, असं ताई त्या दिवशी पहिल्यांदा अनोळखी माणसासमोर बोलल्या होत्या, तेही पूर्ण बोलल्या नव्हत्याच. पण सुरुवात झाली होती.

सांताक्रूझ

डॉक्टर गायकवाडांची लॅब एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. वरून विमानं इतकी खाली उतरतात की दर थोड्या वेळाने बोलणं थांबवावं लागतं. तिथल्या माणसांना त्याची इतकी सवय की वाक्य अर्धं सोडतात आणि विमान गेल्यावर तिथूनच उचलतात. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं चटचट.

"घाटकोपरहून आलात? मी पण घाटकोपरचीच," त्या म्हणाल्या.

ताईंचा चेहरा खुलला. "हो काय? गायकवाड म्हणजे कुठले?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. हा प्रश्न आमच्याकडे नमस्काराच्या आधी विचारतात.

"मूळचे जालन्याकडचे. बौद्ध," डॉक्टर ताईंच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या. "आणखी काही विचारायचंय, की कॅन्सर बघू?"

ताईंनी पर्समधून पिशवी काढून टेबलावर ठेवली. "कॅन्सरच बघा. हा प्रश्न माझ्या आईचा, मी सवयीने विचारला."

डॉक्टर हसल्या. त्यांच्याकडे दोघांना एकदम बघता येतं असा मायक्रोस्कोप होता. त्यांनी काच बसवली, थोडा वेळ पाहिलं आणि मग वर बघून विचारलं, "मावशी, बघायचंय?"

"माझंच आहे तर बघते."

ताईंनी चष्मा काढून डोळा लावला. नंतर मीही पाहिलं. गुलाबी आणि जांभळं. एखाद्या भारीतल्या साडीचा पदर असावा तसं, म्हणजे बघायला चांगलंच दिसत होतं, याचा राग येत होता.

"ही डावीकडची बाजू चांगली आहे," डॉक्टर सांगू लागल्या. "पेशी कशा रांगेत, एकमेकींना चिकटून आहेत बघा. त्यांच्यात कॅडहेरिन नावाचं प्रोटीन असतं. हात धरून उभं राहावं तसं ते त्यांना धरून ठेवतं. आता उजवीकडे या. इथे त्यांनी" — विमान आलं, गेलं — "हात सोडलेत."

"का सोडले?"

"व्हायरसमुळे सगळं सुरू होतं. एचपीव्ही. तो पेशीत शिरला आणि टिकला की दोन प्रोटीनं बनवतो, ई-सिक्स आणि ई-सेव्हन. आपल्या प्रत्येक पेशीत एक पहारेकरी असतो, पी-फिफ्टी-थ्री. पेशीत बिघाड झाला की तो तिची वाढ थांबवतो. बिघाड दुरुस्त नाही झाला तर तिला मरायला लावतो. ई-सिक्स काय करतो, तर त्या पहारेकऱ्यावर कचऱ्याची चिठ्ठी लावतो. मग पेशीचीच सफाईची यंत्रणा त्याला उचलून मोडीत काढते."

"रीडेव्हलपमेंट," ताई म्हणाल्या.

"काय?"

"आमची चाळ पाडली तेव्हा बिल्डरने पहिलं काय केलं? जुना वॉचमन काढला. तोही आमच्याच मीटिंगमध्ये, आमच्याच मतांनी. आणि दुसरा काय करतो, तो सेव्हन?"

"ब्रेक काढतो. उतारावरच्या गाडीसारखी पेशी पळत सुटते, वाढतच राहते."

"वाढीव एफएसआय. मजल्यावर मजले."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांना आता मजा येऊ लागली होती, आणि मला कळू लागलं होतं. मोबाइलमधल्या त्या नंबरप्लेटींना माणसांसारखी कामं मिळाली होती. "नुसती वाढली तर ती जागेवरच राहील मावशी. पण हात सुटले की काही पेशी आकार बदलतात. गोल असतात त्या लांबट होतात, सरपटायला लागतात. त्यांच्याखाली एक पातळ पडदा असतो, भिंतीसारखा. त्या असे एन्झाइम सोडतात की तो विरघळतो. आणि भूक लागली की निरोप पाठवतात, इकडे नवीन रक्तवाहिन्या काढा. शरीर काढून देतं."

"देतं? स्वतःहून?"

"त्याला वाटतं जखम आहे, भरून काढायची आहे. जखमेला पण हेच निरोप येतात."

ताई पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे रस्ता पण आपणच बांधून द्यायचा."

डॉक्टरांनी काच किंचित सरकवली. पांढरी मोकळी जागा दिसली, तिला बारीक भिंत, आणि आत जांभळ्या पेशींचा एक घोळका. "ही लसिकावाहिनी, गाठींकडे जाणारी नळी. आणि ह्या" — पुन्हा विमान. या वेळी ते फारच हळू गेलं. आम्ही तिघी मायक्रोस्कोपभोवती गप्प बसून राहिलो. काय ऐकायचंय ते तोपर्यंत आम्हाला समजलं होतं.

"ह्या आत शिरल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या रिपोर्टात हे आलेलं नाही. निघाल्यात एवढं नक्की. पुढच्या गाठीपर्यंत पोचल्या का, ते ऑपरेशनमध्ये गाठी काढून तपासल्यावर कळेल."

"हा व्हायरस आला कुठून?" ताईंनी विचारलं.

"शरीरसंबंधातून. संसार केलेल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो. बहुतेकींचा आपोआप जातो. काहींचा राहतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप काम करतो. दहा वर्षं, पंधरा वर्षं, जास्त पण."

"म्हणजे ह्यांच्याकडून?"

"मावशी, ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि ज्याच्याकडून आला त्याला पण माहीत नसतं."

"आणि मधल्या वर्षांत? माझ्या आत हे सगळं चाललं होतं तेव्हा कळलं असतं?"

"पिशवीच्या तोंडावरून ब्रश फिरवून पेशी काढतात, त्या साध्या तपासणीत कळलं असतं."

"मला कुणी सांगितलं नाही," ताई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. चटणीत नारळ कमी आहे हे त्या ज्या आवाजात सांगत, तसा आवाज असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. हॉलमध्ये भाऊजींचा, म्हणजे ताईंच्या यजमानांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. ताईंनी पर्स ठेवली, स्टुलावर चढल्या आणि हार काढून कपाटात टाकला.  पाणी प्यायले आणि निघाले.

बोरिवली

बोरिवलीला आमच्या ओळखीचं बरंच आहे. चारकोपहून रिक्षाने तिथे जायला वेळ लागत नाही. पण हॉस्पिटल असलेली गल्ली मी कधी पाहिली नव्हती. खाली फरसाणाचं दुकान, वर ऑपरेशन थिएटर. डिस्चार्ज मिळालेले लोक उतरताना हमखास शेव घेऊन जातात.

ऑपरेशन मोठं झालं. सर्जन बाहेर आले आणि अर्थातच महेशचा हात हातात घेतला. मी मधे उभी राहिले. "मला सांगा, मीच विचारणार आहे." मग त्यांनी मला सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. विचारणारं कुणी समोर आलं की सांगता येतं त्यांना, एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

गाठींचा रिपोर्ट आला तेव्हा ताई उशीला टेकून पेज पीत होत्या. एका गाठीत पेशी सापडल्या होत्या. म्हणजे रेडिएशन आणि केमो, दोन्ही. ताईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरची बाई घोरत होती.

"वैशाली, एका गाठीत पोचली. ती एकटीच निघाली होती कशावरून?"

 मी त्यांच्यासमोरच डॉक्टर गायकवाडांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"माहीत नाही मावशी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? दिसत नाहीत अशा आणखी असू शकतात. त्यांच्यासाठीच तर रेडिएशन आहे."

फोन ठेवल्यावर ताईंनी माझा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता, आहेराची पाकिटं देतानाचं सोडून. "माका भीती वाटता गो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मला पण." दुसरं काय म्हणणार? मग दोघी शेजारच्या बाईचं घोरणं ऐकत बसलो.

रेडिएशनची गंमत अशी की ते घेताना मूत्राशय भरलेलं लागतं. त्यामुळे बाहेरच्या बाकांवर बायका बाटलीने पाणी पीत आणि मग पाय आवळून नंबराची वाट बघत. मशीन बंद पडलं की सगळ्यांचे चेहरे बघवत नसत. आमच्या संस्कृतीत बायकांनी काय काय दाबून ठेवायचं याची यादी मोठी आहे; त्यात हे एक सरकारमान्य.

बाकावर ओळखी होतात. एके दिवशी एकीने दुसरीला विचारलं, "तुमचा कशाचा?" "पोटाचा." "माझा पण पोटाचा." तिसरी म्हणाली, "पोटाचाच." ताई लिटरभर पाणी पिऊन बसल्या होत्या आणि तसल्या अवस्थेत माणसाला खोटं सहन होत नसावं.

"सगळ्यांचा पोटाचा?" त्यांचा आवाज पार फरसाणाच्या दुकानापर्यंत गेला असेल. "मग पिशव्यांचा कोणाचा? आत काय पुरुष जाऊन झोपतात त्या टेबलावर? माझा पिशवीच्या तोंडाचा आहे. घ्या."

पाण्याच्या बाटल्या तोंडापासून खाली आल्या. मग कोपऱ्यातली एक शिडशिडीत बाई हसायला लागली, आणि "ओ ताई, हसवू नका हो, सगळं सांडेल" म्हणून ओरडली. त्यावर सगळा बाक हसला. दोघींना उठून धावावं लागलं आणि त्यांचा नंबर मागे गेला. तंत्रज्ञ चिडला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर कुणाला रक्त जायचं, कुणाच्या नवऱ्याने घराबाहेर झोपायला सांगितलं, कुणाच्या सासूने भांडी वेगळी केली, सगळं बोललं जाऊ लागलं. कॅन्सर लागत नाही हे तिथल्या पाटीवर तीन भाषांत लिहिलं आहे. सासवा पाट्या वाचत नाहीत.

ताईंचे ते दिवस चांगले गेले नाहीत. जुलाब, तोंडाला चव नाही, मासळीचा वास आला की उलटी. एक आठवडा त्या उठायलाच तयार नव्हत्या. मी रोज सकाळी जाऊन भांडायचे, कारण प्रेमाने बोललेलं त्यांना संशयास्पद वाटतं. एका सकाळी गेले तर भाऊजींच्या फोटोला हार परत घातलेला.

मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "त्यांना तरी कुठे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर पहिले तेच घाबरले असते. साधं इंजेक्शन घ्यायचं तर मी बरोबर लागायची."

शेवटचं सेशन झालं. काही महिन्यांनी स्कॅन झाला. सर्जन म्हणाले, "सध्या कुठे काही दिसत नाही." ताईंनी 'सध्या'चा अर्थ विचारला. ते म्हणाले, येत राहा. ताई म्हणाल्या, येत राहीन.

चारकोप

आता आमच्याच गावचं वर्णन. ताई विश्रांतीसाठी आमच्याकडे राहायला आल्या. इथे सेक्टरमधल्या बागेत संध्याकाळी बायका गोल फिरतात. पहिल्याच दिवशी योगा क्लासवाल्या एक बाई ताईंना थांबवून म्हणाल्या, "किती छान बारीक झालात हो! काय केलंत?"

"रेडिएशन," ताई म्हणाल्या. "तुम्हाला नंबर देऊ?"

त्या बाई दोन दिवस उलट दिशेने फिरल्या. तिसऱ्या दिवशी येऊन हळूच विचारू लागल्या की ही तपासणी नेमकी कसली असते, दुखतं का. मग आणखी दोघी आल्या. ताई बाकावर बसून ई-सिक्स आणि पहारेकरी समजावू लागल्या. थोडं चुकीचं सांगत, पण वॉचमनची गोष्ट कुणी विसरत नसे. माझी मुलगी सायली कॉलेजात आहे. तिने आत्याचं एकदा ऐकलं आणि स्वतः जाऊन लस घेऊन आली. सासूबाईंनी विचारलं कसली, तर ती म्हणाली, "पिशवीच्या तोंडाची." सासूबाई देवघरात गेल्या. भेटायला येणाऱ्यांना त्या अजूनही पोटाचाच सांगतात. सगळीच माणसं बदलायला लागली तर मग प्रवासवर्णन खोटं वाटेल.

एका शनिवारी ताईंनी बागेतल्या सगळ्या बायकांना इंडस्ट्रियल इस्टेटजवळच्या एका छोट्या दवाखान्यात तपासणीला नेलं. चालत, घोळक्याने, साड्या-ड्रेस नीट करून, एखाद्या डोहाळजेवणाला निघाल्यासारख्या. आत गेल्यावर मात्र आवाज बंद झाले. पडदा ओढलेला, त्यामागे टेबल. नर्स बाहेर आली.

"पहिलं कोण?"

सगळ्या एकमेकींच्या चपला बघू लागल्या. एकीला गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. ताई दाराला खुर्ची लावून बसल्या होत्या, त्यामुळे गॅस तसाच राहिला. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"वैशाली, तुझी झाली काय कधी?"

अख्खं वर्ष मी हे सगळं उचलून फिरत होते. पन्नाशीला आलेली मी. "नाही," मी म्हटलं.

"मग ऊठ."

मी उठले. पडद्यामागे गेले. छताला एक पंखा होता, त्याचं एक पातं दुमडलेलं. नर्स म्हणाली, पाय सैल सोडा, मोठा श्वास घ्या. थंड काहीतरी लागलं, थोडा दाब आला, काहीतरी हलकेच फिरल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटून कळ यायची वाट बघू लागले. मुलुंडची काच, सांताक्रूझचं विमान, बोरिवलीचा बाक, ताईंचा धरलेला हात, सगळं त्या टेबलावर माझ्याबरोबर होतं.

"उठा," नर्स म्हणाली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?" माझा आवाज चढला होता. "एवढंच असतं हे?"

"एवढंच," ती हातमोजे काढत म्हणाली. "रडताय कशाला? काही दुखलं का? पुढच्या बाईंना पाठवा."